तळं आटतं, कागद उरतो

मे महिन्यात हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या गावतळ्यात उतरून पाहा. काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा, गुरांच्या खुरांचे वाळलेले ठसे, पाण्याचा थेंब नाही. हिंगोली काही वाळवंट नव्हे. पण पाणवनस्पतीला विचाराल, तर उन्हाळ्यात कोरडं पडणारं आणि मृग बरसल्यावर भरणारं तळं म्हणजे दर वर्षी येणारं वाळवंटच.

अशा तळ्यांवर मार्सिलियाने फार सुंदर तोड काढली आहे. ही नेच्याच्या गोतावळ्यातली, म्हणून तिला फूल नाही, बी नाही. एका देठावर चार पर्णिका. पाणी असेल तर त्या तरंगतात, चिखल असेल तर ताठ उभ्या राहतात. पाणी ओसरू लागलं की देठाच्या बुडाशी ज्वारीच्या दाण्याएवढ्या टणक गोळ्या धरतात. त्यांत बीजाणू असतात. कवच इतकं घट्ट, की पाणी सहजी आत शिरत नाही. मातीत घासून, कुजून ते तडकलं की पाणी आत जातं, आतला डिंकासारखा पदार्थ फुगतो आणि लांबलचक अळीसारखा बाहेर सरकत बीजाणूंना ओढून आणतो. मग घाई असते. नर बीजाणूंतून शुक्राणू जेमतेम अर्ध्या दिवसात तयार होतात, कारण डबक्यातलं पाणी किती दिवस टिकेल याचा भरवसा नसतो.

या गोळ्यांची चिकाटी उघड झाली ती हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पती कागदावर चिकटवून जपणाऱ्या संग्रहालयात. सुमारे शंभर वर्षं कपाटात पडून असलेल्या नमुन्यांवरच्या गोळ्या पाण्यात टाकल्यावर जिवंत निघाल्याची नोंद १९८५मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली.

आपल्याकडची अशी कपाटं आणि त्यांच्या आधारे लिहिलेले ग्रंथ काय सांगतात? मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर यांनी हॉलबर्ग यांच्यासोबत जोधपूर-जैसलमेरच्या वनस्पतींवर १९१८पासून लेखमाला लिहिली. त्याच वाळवंटी झाडांची अंतर्रचना टी. एस. सबनीस यांनी तपासली. थिओडोर कूक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशात (१९०१ ते १९०८) सिंध आहे, मराठवाडा नाही. कारण साधं आहे: मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. दूरच्या सिंधचं वाळवंट कागदावर आलं आणि हिंगोलीतला कयाधू नदीचा काठ राहून गेला, याची मला खरोखर हळहळ वाटते. वि. ना. नाईक यांचा मराठवाड्याच्या वनस्पतींवरचा दोन खंडांचा ग्रंथ १९९८मध्ये आला, पण तो सपुष्प वनस्पतींचा. तळ्यातल्या कमळाला तिथे जागा आहे, शेजारच्या मार्सिलियाला नाही.

नमुन्यांच्या पत्त्याचाही घोळ आहे. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. त्याआधीचा नमुना शोधायचा तर लेबलवर ‘परभणी’ पाहावं लागतं, १९५६पूर्वीचा असेल तर ‘हैदराबाद राज्य’. म्हणून लेबलवर जिल्ह्यापेक्षा गावाचं आणि तळ्याचं नाव मोलाचं. त्याहून मोलाची तारीख: सप्टेंबरातलं तळं आणि एप्रिलमधलं तळं ही दोन वेगळी ठिकाणं आहेत.

पाणवनस्पती गोळा करायला माणसं कचरतात, हे मात्र खरं. बाहेर काढली की हायड्रिलाचा ओला लगदा होतो. त्यासाठी परातीत पाणी घ्यायचं, वनस्पती तरंगत ठेवायची, खालून कागद सरकवून अलगद उचलायचा, मग टिपकागदात दाबून रोज कागद बदलायचा. मार्सिलिया त्यामानाने सोपी. मात्र ती मुळासकट आणि गोळ्यांसकट हवी. नुसत्या पानांवरून तिच्या जाती ओळखणं अवघड जातं, कारण एकाच रोपाची पानं पाण्यात एक रूप घेतात आणि चिखलात दुसरं.

गळालेल्या गोळ्यांसाठी कागदाच्या कोपऱ्यात एक लहानशी पुडी चिकटवतात. त्यातल्या एखाद्या गोळीला ब्लेडने चीर देऊन ती वाटीभर पाण्यात टाकली, की काही मिनिटांत ती अळी बाहेर येऊ लागते.