शूर कोण, भित्रा कोण?

काल कीर्तन संपल्यावर डोंबिवलीच्या एका तरुणानं मला विचारलं, "बुवा, अर्जुनानं धनुष्य टाकलं तरी तो वीर, आणि विराटाचा उत्तर पळाला तर तो भित्रा. असं का?" आज तेच पाहू.

उत्तराची कथा विराटपर्वात आहे. राजा विराट सुशर्म्याशी लढायला गेलेला, आणि इकडे कौरवांनी गाई वळवून नेल्या. हा राजपुत्र बायकांसमोर फुशारक्या मारतो, सारथी तेवढा मिळू द्या, मग बघा! सारथी मिळाला, बृहन्नडा. समोर भीष्म, द्रोण, कर्ण दिसले मात्र, गड्यानं रथातून उडी टाकली! अर्जुनानं धावत जाऊन धरला, तर म्हणतो, सोनं देतो पण मला सोड.

आता अर्जुन. त्याचंही अंग कापलं, गांडीव हातातून गळालं. त्याला स्वतःच्या मरणाचं भय नव्हतं, आपल्याच माणसांना मारायचं कसं, हे दुःख होतं. पण तो पळाला नाही. रथातच बसला आणि देवाला शरण जाऊन म्हणाला, मला मार्ग दाखव. शके 1212 मध्ये ज्ञानोबारायांनी नेवाशाला गीतेवर निरूपण केलं, त्याची सुरुवात याच खचलेल्या अर्जुनापासून होते. कापरं दोघांनाही भरलं. एकानं जागा सोडली, दुसऱ्यानं देवाला विचारलं. फरक एवढाच!

आणि उत्तरही तसाच राहिला का? नाही. शमीवरची शस्त्रं त्यानंच खाली काढली, त्याच रथाचे लगाम धरले. बाप कौतुक करू लागला, तेव्हा म्हणाला, हे माझं काम नव्हे, एका देवपुत्राचं. पुढं कुरुक्षेत्रावर पहिल्याच दिवशी हत्तीवरून शल्यावर चालून गेला आणि तिथंच पडला. भित्रेपणा हा काही जन्माचा शिक्का नाही, माउली.

माझंच सांगतो. संध्याकाळची कल्याण लोकल. ठाण्याला एक आजोबा चढले. दारातल्या पोरांनी त्यांना ढकललं, वर शिव्या दिल्या. मी गळ्यात माळ घालून, डोळे मिटून नाम घेत बसलो. डोंबिवलीपर्यंत आजोबा लोंबकळत उभे! ते नाम नव्हतं, ती रथातून मारलेली उडी होती.

आजही डब्यात आवाज चढला की माझी छाती धडधडते. पण आता उठतो. म्हणतो, आजोबा, इथं बसा. गाई सोडवायच्या तर सुरुवात तिथून करायची.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!