क्रोमरचा खेकडा, आयल्शमचा बाजार

ऑगस्ट १८८८. ग्रेट यारमथहून सहलीचे प्रवासी घेऊन आलेली ‘व्हिक्टोरिया’ ही वाफेवरची बोट क्रोमरहून परत निघाली आणि किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर कशावर तरी आदळून अडकून बसली. क्रोमरच्या कोळ्यांनी होड्या बाहेर काढल्या आणि प्रवाशांना सुखरूप किनाऱ्यावर आणलं. बोट आदळली होती ती एका चर्चवर. शिपडेन हे गाव चौदाव्या शतकात समुद्राने गिळलं, पण त्याच्या चर्चचे अवशेष पाण्याखाली तसेच उरले होते. पुढे ते सुरुंग लावून उडवण्यात आले. १०८६ सालच्या जमीन-मोजणीत शिपडेनची नोंद सापडते. आजचं क्रोमर त्या वेळी शिपडेनच्या मागचं, समुद्रापासून आत असलेलं गाव होतं.

इंग्लंडच्या पूर्वेला उत्तर समुद्रात फुगवटा काढून बसलेल्या नॉरफोक परगण्याची तऱ्हाच ही आहे. इथे किनाऱ्याची रेघ कायमची नसते. जवळपास नव्वद मैलांच्या या किनाऱ्यावर समुद्र पश्चिमेकडे गाळ टाकत मागे सरतो आणि पूर्वेकडे कडे पोखरत पुढे येतो. आतल्या बाजूला मात्र दहाबारा मैलांच्या अंतराने बाजारगावं वसली आहेत. होल्ट, आयल्शम, फेकनम, नॉर्थ वॉल्शम, स्वॉफम यांचे बाजारचौक शतकानुशतकं त्याच जागी आहेत. पर्यटनाच्या पुस्तिकांत किनारा आणि बाजारगावं अशी दोन वेगळी प्रकरणं असतात. पण किनाऱ्याची भरभराट आणि पडझड समजून घ्यायची तर आतले बाजार पाहावे लागतात, आणि बाजारगावांची समृद्धी कुठून आली हे बंदरांवर कळतं.

सुरुवात क्लाय नेक्स्ट द सी या गावापासून करता येते. नावात समुद्र आहे, प्रत्यक्षात तो गावापासून सुमारे किलोमीटरभर दूर आहे. मध्ये बोरूचं रान, खाजण आणि गोट्यांचा लांबलचक बांध. मध्ययुगात ग्लेव्हन नदीच्या मुखावरचं हे गजबजलेलं बंदर होतं. शेजारच्या ब्लेकनी आणि विव्हटन या गावांसह इथून धान्य नि लोकर बाहेर जाई. सतराव्या शतकात जमीनदारांनी शेतजमीन वाढवण्यासाठी खाजणाला बांध घातले. भरती-ओहोटीच्या पाण्याचा जोर कमी झाला, खाडी गाळाने भरत गेली आणि जहाजं येईनाशी झाली. आज त्या काळाची साक्ष देतं ते सेंट मार्गारेटचं चर्च. गावाच्या मानाने ते अवाढव्य वाटतं. त्याच्या दोन्ही बाजूंच्या दालनांवर आता छप्पर नाही.

बंदर गेलं त्या जागी पक्षी आले. १९२६मध्ये डॉ. सिडनी लाँग यांच्या पुढाकाराने क्लायचं चारशे एकरांहून अधिक खाजण पक्ष्यांसाठी विकत घेतलं गेलं. त्यातून उभी राहिलेली नॉरफोकची निसर्गसंस्था ही ब्रिटनमधली परगणा पातळीवरची पहिली. पलीकडच्या ब्लेकनी पॉइंटवर, वाळू आणि गोट्यांच्या लांब जिभेवर, हिवाळ्यात राखाडी सील पिल्लांना जन्म देतात. इंग्लंडमधली त्यांची सर्वांत मोठी वसाहत इथेच आहे.

वेल्स या किनाऱ्यावरच्याच गावात बंदर टिकलं, तेही झगडून. गावाचा धक्का एका टोकाला आणि पुळण तिथून मैलभर दूर. दोहोंना जोडणारा सरळ बांध १८५९मध्ये बांधला गेला. धक्क्यावरच्या धान्य-कोठाराचा वरचा मजला रस्ता ओलांडून थेट पाण्याकडे झुकलेला आहे, म्हणजे पोती वरूनच जहाजात उतरवता यावीत. कोठारात आता राहती घरं झाली आहेत, पण ते इथे का उभं राहिलं याचं उत्तर आतल्या शेतांत आहे.

नॉरफोकची जमीन हलकी आणि वालुकामय. अठराव्या शतकात इथल्या जमीनदारांनी गहू, सलगम, बार्ली आणि क्लोव्हर अशी चार वर्षांची फेरपालट रूढ केली. पडीक ठेवण्याचं वर्ष गेलं. सलगमावर हिवाळ्यात मेंढ्या पोसल्या जाऊ लागल्या आणि त्यांच्या खतावर पुढची बार्ली वाढू लागली. वेल्सच्या शेजारच्या होकम इस्टेटीचे थॉमस विल्यम कोक (१७५४–१८४२) यांनी या पद्धतीचा मोठा गाजावाजा केला. मेंढ्यांच्या लोकरकापणीच्या निमित्ताने ते दरवर्षी शेतकऱ्यांचे मेळावे भरवत, आणि त्यांना परदेशातूनही पाहुणे येत. बार्लीचा माल्ट होई आणि तो वेल्सहून समुद्रमार्गे जाई. परतीच्या जहाजांतून कोळसा येई.

शेतीतला पैसा दिसतो तो स्वॉफममध्ये. त्रिकोणी बाजारचौकाच्या मध्यावर घुमटाचा गोल मंडप आहे. १७८३मध्ये लॉर्ड ऑर्फर्ड यांनी तो गावाला दिला. त्याच्या माथ्यावर सेरीस या धान्यदेवतेची मूर्ती आहे आणि त्याच्या सावलीत लोणी विकलं जाई. शनिवारचा बाजार अजून भरतो. गावाची दंतकथाही व्यापाराचीच आहे. जॉन चॅपमन नावाचा फेरीवाला स्वप्नाच्या सांगण्यावरून लंडन ब्रिजवर गेला. तिथल्या दुकानदाराने त्याला हसत स्वतःचं स्वप्न सांगितलं, की स्वॉफमच्या कुणा फेरीवाल्याच्या परसात धन पुरलेलं आहे. चॅपमन घरी परतला आणि त्याने परस खणलं. गंमत अशी की पंधराव्या शतकात या नावाचा माणूस स्वॉफममध्ये खरोखर होता आणि चर्चच्या बांधकामाला त्याने मोठी देणगी दिली होती. जमिनीतलं धन शोधणारा आणखी एक माणूस याच गावात वाढला. हॉवर्ड कार्टर यांचं बालपण इथे आत्यांकडे गेलं आणि १९२२मध्ये त्यांनी तुतनखामेनची कबर शोधली.

आयल्शम समुद्रापासून आत आहे, तरी त्यालाही एके काळी बंदर होतं. ब्यूर नदीवर पाण्याची पातळी वरखाली करणारी दारं बसवून १७७९मध्ये गावापर्यंत जलमार्ग काढण्यात आला. एकाच मोठ्या काळ्या शिडाच्या, सपाट तळाच्या ‘वेरी’ होड्या ग्रेट यारमथच्या बंदरापासून थेट आयल्शमपर्यंत येत. कोळसा आणि लाकूड वर येई, धान्य नि पीठ खाली जाई. ऑगस्ट १९१२च्या महापुरात ही दारं उद्ध्वस्त झाली. ती दुरुस्त करण्यात कुणाला रस उरला नव्हता, कारण मालवाहतूक तोवर रेल्वेकडे गेली होती.

रेल्वेने किनारा आणि बाजार यांचं नातं उलटं केलं. तोवर माल आतून किनाऱ्याकडे जात होता, आता माणसं जाऊ लागली. १८७७मध्ये क्रोमरला गाडी पोचली. १८८३मध्ये ‘डेली टेलिग्राफ’चे नाट्यसमीक्षक क्लेमेंट स्कॉट इथे आले आणि कड्यावरच्या खसखशीच्या लाल फुलांवर त्यांनी असा लेख लिहिला की या भागाचं नावच ‘पॉपीलँड’ पडलं. लंडनचे धनिक येऊ लागले, हॉटेलं उठली, ओव्हरस्ट्रँडसारख्या कोळ्यांच्या खेड्यात बंगले उभे राहिले. स्कॉट यांना भुरळ पाडणारा साइडस्ट्रँडच्या जुन्या चर्चचा एकाकी मनोरा मात्र १९१६मध्ये कड्यासकट समुद्रात गेला.

याच क्रोमरमध्ये हेन्री ब्लॉग (१८७६–१९५४) राहत. ते खेकडे पकडत, उन्हाळ्यात पर्यटकांना आरामखुर्च्या भाड्याने देत आणि वादळात जीवरक्षक नौकेचं सुकाणू धरत. जानेवारी १९१७मध्ये ‘फर्नेबो’ हे स्वीडिश जहाज फुटलं तेव्हा गावातले तरुण युद्धावर होते आणि वल्ह्यांवर बसलेले बहुतेक जण पन्नाशी उलटलेले होते. वल्हवण्याच्या होडीतून त्यांनी अकरा खलाशी वाचवले. त्रेपन्न वर्षांच्या सेवेत ब्लॉग आणि त्यांच्या साथीदारांनी ८७३ जीव वाचवले. तीन सुवर्ण आणि चार रौप्य पदकं मिळवणारे ब्लॉग या सेवेतले सर्वाधिक गौरवलेले नाविक ठरले. क्रोमरला आजही सुरक्षित बंदर नाही. खेकड्यांच्या होड्या ट्रॅक्टरने पुळणीवरून पाण्यात ढकलल्या जातात. किनाऱ्याजवळच्या पाण्याखाली खडूचा मोठा खडक पसरलेला आहे आणि खेकडे त्याच्याच कपारींत वाढतात. २०१६मध्ये या खडकाला संरक्षित सागरी क्षेत्राचा दर्जा मिळाला.

क्रोमरच्या आग्नेयेला समुद्राची भूक वाढते. इथले कडे हिमयुगात साचलेल्या वाळू-चिकणमातीचे आहेत. वरून पावसाचं पाणी मुरतं, खालून लाटा आपटतात आणि कड्याची दरड पायथ्याशी येऊन पडते. हेझब्रो गावातला बीच रोड असाच तुकड्यातुकड्याने नाहीसा झाला. विसाव्या शतकाच्या मध्याला उभारलेले लाकडी बांध मोडले, तेव्हा एवढ्याशा वस्तीसाठी नवे बांधणं परवडणार नाही असं ठरलं. २०१२च्या सुमाराला कड्यावरची काही घरं सार्वजनिक पैशातून विकत घेऊन पाडण्यात आली. पुढच्या वर्षी, मे २०१३मध्ये, त्याच झिजेमुळे पुळणीवर चिखलाचा जुना थर उघडा पडला आणि त्यावर माणसांच्या पाऊलखुणा दिसल्या. त्यांचं वय साडेआठ ते साडेनऊ लाख वर्षं आहे. आफ्रिकेबाहेर सापडलेल्या त्या तेव्हापर्यंतच्या सर्वांत जुन्या खुणा होत्या. शास्त्रज्ञांनी घाईघाईने छायाचित्रं आणि मोजमापं घेतली. दोनेक आठवड्यांत लाटांनी त्या पुसून टाकल्या.

जवळच्या बॅक्टनला वेगळा न्याय मिळाला. उत्तर समुद्रातला वायू १९६८पासून इथे जमिनीवर येतो आणि देशाच्या पुरवठ्यातला सुमारे तिसरा हिस्सा या केंद्रातून जातो. कडा या केंद्राच्या कुंपणापर्यंत येऊन ठेपला, तेव्हा २०१९मध्ये डच तंत्रानुसार १८ लाख घनमीटर वाळू समुद्रतळातून उपसून किनाऱ्यावर टाकण्यात आली. त्या आडोशाने बॅक्टन आणि वॉलकट या खेड्यांनाही काही वर्षांची उसंत मिळाली. वायूच्या या गोष्टीचं दुसरं टोक आत फेकनममध्ये आहे. कोळशापासून गावापुरता वायू बनवणारा इथला कारखाना १८४६ ते १९६५ चालला. इंग्लंड आणि वेल्स या देशांमधला असा पूर्ण अवस्थेत राहिलेला हा एकमेव कारखाना आता संग्रहालय आहे.

सध्याचा वाद घरांचा आहे. सुट्टीपुरतं घर घेणाऱ्यांनी किनाऱ्याजवळच्या खेड्यांतले भाव इतके चढवले की स्थानिक तरुणांना ते झेपेनासे झाले. बर्नम मार्केट या देखण्या गावात २०२३मध्ये यावर सार्वमत झालं आणि मोठ्या बहुमताने कौल मिळाला, की यापुढे बांधलेल्या घरात वर्षभर राहणाराच मालक हवा. हा नियम जुन्या घरांना लागू नाही. बाजारचौकाभोवतीची जुनी विटांची घरं पूर्वीसारखीच कुणालाही विकत घेता येतात.