वॉलच्या मागची बाजू

दुर्गोत्सव जवळ आला की यवतमाळातल्या मंडळांचे फोन सुरू होतात. “भाऊ, वीस बाय दहाची वॉल केवढ्याला?” बिछायतवाले मंडप फुटांत मोजतात, म्हणून पडदाही फुटांतच मागितला जातो. एलईडी वॉल मात्र पेट्यांची असते. भाड्याच्या धंद्यातली नेहमीची पेटी, म्हणजे कॅबिनेट, 500 मिलिमीटर चौरस. वीस बाय दहा फूट म्हणजे 12 पेट्या आडव्या, 6 उभ्या. रुंदी उंचीच्या दुप्पट झाली, आणि कॅमेऱ्याचं चित्र तर 16 बाय 9 चं. मग एक तर देवीचा मुकुट कापला जातो, नाही तर चित्र ताणून प्रमुख पाहुणे आडवे सुटतात. जागा असेल तर मी 16 पेट्या रुंद, 9 उंच असं सुचवतो. फुटांत सांगायचं तर साधारण 26 बाय 15.

आमच्या पेट्या पी 3.91 च्या. दोन ठिपक्यांमध्ये 3.91 मिलिमीटर अंतर, म्हणजे एका पेटीत 128 बाय 128 ठिपके. 144 पेट्यांचे होतात 23,59,296, आणि प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे. चार मीटरच्या आत उभं राहून बघितलं तर ठिपकेच दिसणार. पहिल्या ओळीतल्या खुर्च्या त्या हिशेबानं मांडाव्यात, पण तिथं कोण आमचं ऐकतं!

खरं काम मागच्या बाजूला. वॉलला चित्र पुरवणाऱ्या कंट्रोलरच्या एका पोर्टमधून साधारण साडेसहा लाख ठिपक्यांचा डेटा जातो, म्हणजे 39 पेट्यांचा. मी 36 वरच थांबतो. नऊ-नऊच्या चार उभ्या रांगा एका पोर्टवर, सोळा रांगा चार पोर्टांत बरोबर बसतात. एखादा भाग काळा पडला तर कुठल्या वायरला हात घालायचा हे अंधारातही कळतं.

डेटा ठिबकच्या नळीसारखा एका पेटीतून पुढच्या पेटीत जातो. मध्ये तुटला की पुढचं सगळं कोरडं. पहिली रांग खालून वर, दुसरी वरून खाली, अशी नागमोडी वायर. चौथी रांग खालीच संपते, म्हणून तिथून कंट्रोलरच्या राखीव पोर्टला परतीची वायर सहज नेता येते. मधली वायर निसटली तर डेटा उलट्या बाजूनं येतो आणि प्रेक्षकांना पत्ताही लागत नाही. कंट्रोलचं टेबल 100 मीटरच्या पुढं असेल तर साधी लॅन केबल भरवशाची नाही, तिथं फायबरच.

हाच क्रम लॅपटॉपवर आखावा लागतो. नवी पोरं अडकतात ती इथं. सॉफ्टवेअर वॉल समोरून बघतं, आपण वायर मागून लावतो. समोरची डावी रांग आपल्या उजव्या हाताला येते. हे विसरलं की देवीचे हात पट्ट्यापट्ट्यांनी भलतीकडे जातात.

आमच्याकडची काळी माती हा वेगळाच विषय. पेटी आठ किलोची धरली तरी नुसत्या पेट्यांचं वजन साडेअकराशे किलो. परतीचा पाऊस झाला की वॉल पेलणाऱ्या ट्रसचा पाय खचतो आणि दोन पेट्यांमधली फट लांबून दिसते. पायाखाली जाड फळ्या हव्यातच.

विजेची मांडणी डेटाप्रमाणे करून चालत नाही. पेटी जास्तीत जास्त 150 वॅट घेत असेल तर दोन रांगांना 2,700 वॅट, म्हणजे बारा अँपिअरच्या आसपास लागतात. म्हणून दर दोन रांगांना वेगळी लाइन, अशा आठ लाइनी तीन फेजांवर वाटून. हा आकडा सगळे दिवे पूर्ण पेटल्याचा, म्हणजे पांढऱ्या चित्राचा. आरतीचं चित्र त्या मानानं अंधारं, त्याला वीज कमी लागते. खरा भार येतो पांढऱ्या पार्श्वभूमीच्या जाहिरातीला. म्हणून शुभेच्छुकांच्या जाहिराती मी आधीच मागवून घेतो आणि त्यातली सगळ्यांत पांढरी, वॉल उभी झाल्याबरोबर, फुल ब्राइटनेसवर पहिली चालवून बघतो.