मैफलीत कॅमेरा : बोट कधी उचलायचं?

मैफलीत फोटो काढताना आम्ही आधी आवाजाचा विचार करतो. एसएलआर कॅमेऱ्यात दर फोटोला आरसा वर उचलला जातो, त्याचा खटका शांत सभागृहात शेजाऱ्याला टोचतो. रेंजफाइंडरमध्ये आरसाच नसतो. पण म्हणून तो मुका नाही. २००९ मध्ये आलेला लायका एम९ घ्या. फोटो निघाला की आतली छोटी मोटर शटर पुन्हा ताणते, आणि तिची घरघर ऐकू येते. त्यावर उपाय कॅमेऱ्यातच आहे: ‘डिस्क्रीट’ मोड लावला, तर बटणावरचं बोट उचलेपर्यंत मोटर चालत नाही. म्हणून आम्ही बोट दाबूनच ठेवतो. सम आली, दाद उठली, की सोडतो.

फोटो मागच्या पडद्यावर आपोआप दिसण्याची सोयही बंद करायची, अंधारात तो उजेड डोळ्यांत जातो. फोकस कलाकाराच्या हातावर आधीच लावून ठेवायचा.

आणि सतारीचा आलाप? तिथे तबला नसतो, खटका झाकायला काहीच नाही. तेव्हा कॅमेरा मांडीवर ठेवायचा. गत सुरू झाली की उचलायचा. फोटो काढायची परवानगी आपल्याला असते; ती शांतता मात्र ऐकणाऱ्यांची असते.