कांदिवली आणि लोकलिखित ज्ञानकोश

गोविंद नारायण माडगांवकर यांनीं १८६३ सालीं 'मुंबईचें वर्णन' हें पुस्तक प्रसिद्ध केलें, तेव्हां मुंबई माहीम व शीव येथें संपत असे. त्यापुढें खाडी, आणि खाडीपलीकडे साष्टी. कांदिवली हें साष्टींतील गांव असल्यामुळें मुंबईच्या वर्णनांत त्यास मोठें स्थान मिळण्याचें कारणच नव्हतें. पुढें १८८२ सालीं ठाणें जिल्ह्याचें सरकारी गॅझेटियर छापून निघालें व त्यांत या भागाची बरीच माहिती आली; परंतु ती इंग्रजींत, आणि कारभाराच्या सोयीसाठीं लिहिलेली. १९५७ सालीं कांदिवली बृहन्मुंबईंत समाविष्ट झाली. १९९० सालीं मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला. अशा रीतीनें ज्या गांवाचे जुने कागद ठाण्याच्या नांवावर व नवे कागद मुंबईच्या नांवावर आहेत, त्या गांवाचें वर्णन लिहिण्याची जबाबदारी कोणाची, हें कोणीच ठरविलें नाहीं. ती जबाबदारी आज कांहीं स्वयंसेवक लेखक आपण होऊन उचलीत आहेत. त्यांच्या कामाची रीत काय, आणि त्यांत अडचण कोठें येते, हें समजून घेण्यासारखें आहे.

ज्ञानकोश ही वस्तु महाराष्ट्रास नवी नाहीं. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं १९२० नंतरच्या दशकांत 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे तेवीस भाग सिद्ध केले. त्यासाठीं त्यांनीं मंडळी काढली, भाग विकले, गांवोगांव वर्गणीदार मिळविले. पुढें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं वाई येथून मराठी विश्वकोश निघूं लागला व त्याचा पहिला खंड १९७६ सालीं बाहेर पडला. या दोन्ही कार्यांस एक संपादक होता, एक कचेरी होती, आणि पान एकदां छापलें कीं तें कायम होतें. एखाद्या उपनगरास अशा ग्रंथांत जागा मिळालीच तर ती चार ओळींची. यांत संपादकांचा दोष नाहीं. कागद मोजका असतो.

विकिपीडिया या संगणकावरील ज्ञानकोशानें ही मर्यादा काढून टाकली. तो १५ जानेवारी २००१ रोजीं इंग्रजींत सुरू झाला आणि त्याची मराठी आवृत्ति १ मे २००३ रोजीं, म्हणजे महाराष्ट्रदिनींच, निघाली. 'विकि' हा शब्द हवाई बेटांच्या भाषेंतला असून त्याचा अर्थ 'झटपट' असा आहे. कोणाही माणसानें पान उघडावें, दुरुस्त करावें व जतन करावें. जुनें पान मात्र नष्ट होत नाहीं. प्रत्येक फेरफार कोणी व केव्हां केला याची नोंद 'इतिहास' या सदरांत राहते आणि चुकीचा बदल एका क्षणांत मागें घेतां येतो. मराठी आवृत्तींतील लेखांची संख्या आज लाखाच्या आसपास आहे. नोव्हेंबर २०११ मध्यें भारतांतील विकि लेखकांची पहिली राष्ट्रीय परिषद मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधील आवारांत भरली व संस्थापकांपैकीं जिमी वेल्स हे तीस हजर होते. अर्थात् ज्या शहरांत ही परिषद भरली त्या शहराच्या उपनगरांचे लेख त्यामुळें आपोआप सुधारले असें नव्हे.

जेथें कोणीही लिहूं शकतो तेथें गोंधळ कसा होत नाहीं, असें कोणीही विचारील. गोंधळ होतो; म्हणूनच संयोजन लागतें. प्रत्येक लेखास जोडून एक चर्चापान असतें. एका विषयांत रस असणारे सदस्य एकत्र येऊन 'विकिप्रकल्प' चालवितात व त्या विषयाखालीं येणाऱ्या लेखांच्या चर्चापानावर आपली खूण लावतात. इंग्रजी आवृत्तींत या खुणेंत दोन गोष्टी नोंदलेल्या असतात: लेखाची प्रत आणि त्याचें महत्त्व. नुसतें टिपण, सुरुवातीचा लेख, चांगला लेख, निवडक लेख अशा पायऱ्या आहेत. या खुणांची बेरीज संगणक करतो व कोष्टक तयार होतें. मग महत्त्व मोठें पण प्रत हलकी असे लेख कोणते, तें एका दृष्टिक्षेपांत कळतें. शाळेंतील हजेरीपटाचेंच हें मोठें रूप होय. मराठी आवृत्तींत सर्वसाधारण विचारविनिमयाच्या पानास 'चावडी' असें नांव दिलें आहे, आणि तें नांव सुचविणाऱ्याची रसिकता वाखाणण्याजोगी आहे. ज्या सदस्यांस पान बंद करण्याचा व काढून टाकण्याचा अधिकार समाजानें दिला आहे त्यांस 'प्रचालक' म्हणतात. तेहि स्वयंसेवकच.

आतां कांदिवलीचेंच उदाहरण घ्यावें. पहिला प्रश्न नांवाचा. मराठींत 'कांदिवली' हें रूप रूढ आहे. परंतु इंग्रजी ग्रंथांत 'खांदिवली', 'कांदिवली' अशीं निरनिराळीं रूपें येतात, व रोमन अक्षरांतील 'पोयसर' हें पोर्तुगीज वळणानें निराळेंच लिहिलेलें आढळतें. एक विद्यार्थी एका नांवानें शोधतो, दुसरा दुसऱ्या नांवानें. यासाठीं पुनर्निर्देशनाचें पान करतात: कोणत्याही रूपानें विचारलें तरी वाचक एकाच लेखावर येऊन पोंचतो. काम क्षुल्लक दिसतें, पण त्यावांचून एकाच गांवाचे तीन अपुरे लेख तयार होतात.

नांवाच्या या वेगळेपणामुळें कांदिवलीचें एक मोठें वैभव पुष्कळ कांदिवलीकरांनाच ठाऊक नाहीं. मुंबईच्या किनाऱ्याजवळ बॅकबे येथें समुद्र हटवून जमीन करण्याची योजना १९२० नंतर जोरांत आली. हीच ती योजना, जिच्या कारभारावर के. एफ. नरिमन यांनीं कडाडून टीका केली. तिच्या भरावासाठीं कांदिवलीच्या खाणींतून दगड नेला गेला. खणतांना जमिनीचे जे थर उघडे पडले त्यांत टॉड नांवाच्या नौदलाच्या एका अधिकाऱ्यास अश्मयुगांतील माणसाचीं दगडी हत्यारें सांपडलीं. त्यानें आपला प्रबंध १९३९ सालीं लंडनच्या मानवशास्त्रसंस्थेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला, आणि तेव्हांपासून भारताच्या प्रागैतिहासिक संशोधनांत 'खांदिवली' हें नांव परिचित झालें. आकुर्लीनजीकच्या पडण टेकडीवरील कोरलेल्या अक्षरांचा व चिन्हांचा अभ्यास त्यापूर्वींच, १८८२ सालीं, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं सोपाऱ्याच्या अवशेषांबरोबर छापला होता. हीं दोन्हीं साधनें इंग्रजींत, जुन्या नियतकालिकांत. त्यांतील मजकूर समजून घेऊन, स्वतःच्या मराठींत मांडून, कोठून घेतला तें खालीं नमूद करणें हेंच स्वयंसेवकाचें खरें काम होय. यास विद्वत्ता लागते असें नाहीं. चिकाटी व प्रामाणिकपणा लागतो.

या ज्ञानकोशाचे मुख्य नियम तीन आहेत. जें लिहावें त्यास प्रसिद्ध झालेला आधार असावा. स्वतःचें नवें संशोधन घालूं नये. आणि कोणाची बाजू घेऊं नये. लोकसंख्येचें पाहा. लेखाच्या उजव्या बाजूच्या चौकटींत लोकसंख्या देण्याची जागा असते व ती भरण्याचा मोह प्रत्येकास होतो. परंतु जनगणना 'कांदिवली' या नांवानें आंकडा देत नाहीं. महानगरपालिकेचा आर-दक्षिण विभाग आहे, बोरिवली तालुका आहे, टपाल खात्याचे पश्चिमेस ४०००६७ व पूर्वेस ४००१०१ असे क्रमांक आहेत. या सर्वांच्या सीमा निरनिराळ्या. विभागाचा आंकडा गांवाचा म्हणून देणारा लेखक नकळत असत्य लिहितो. जाणता संयोजक ती जागा रिकामी ठेवतो व चर्चापानावर कारण लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून येणारा उत्साही माणूस तीच चूक करीत नाहीं.

आधाराचा नियम योग्य आहे, यांत शंका नाहीं. त्याच्याशिवाय ज्ञानकोश म्हणजे ओट्यावरील गप्पा होतील. पण साष्टींतील गांवांवर तो जड पडतो, हेंहि तितकेंच खरें आहे. कांदिवली, पोयसर, चारकोप, आकुर्ली येथील जुन्या वस्तींत कोळी, आगरी, भंडारी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती आणि डोंगराकडील पाड्यांवर वारली असे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. शेतांचीं नांवें, पोयसर नदीच्या पाण्याचे उतार, मिठागरें, जत्रा, लग्नांतील गाणीं, ख्रिस्ती घरांतली जुनी मराठी बोली, हें सर्व त्यांच्या मुखांत आहे. छापील पुस्तकांत फार थोडें. ज्याच्या आजोबानें शेत कसलें त्याचा शब्द आधार म्हणून चालत नाहीं, आणि वर्तमानपत्राच्या बातमीदारानें एका दुपारीं येऊन लिहिलेल्या दोन ओळी चालतात! ही विसंगति जगभर जाणवली आहे. २०११ सालीं अचल प्रभाला यांच्या पुढाकारानें भारत व दक्षिण आफ्रिका येथें एक प्रयोग झाला. मल्याळम्, हिंदी व उत्तर सोथो या भाषांत जाणत्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्या आधार म्हणून वापरून पाहिल्या. प्रयोग गाजला, पण सर्वसाधारण नियम बदलला नाहीं.

मार्ग मग एकच उरतो, आणि तो लांबचा आहे. प्रथम छापावें, मग उद्धृत करावें. एखाद्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या अंकांत, ग्रंथालयाच्या स्मरणिकेंत, विद्यापीठाच्या प्रबंधांत ही माहिती जबाबदार संपादकाच्या नजरेखालून जाऊन प्रसिद्ध झाली, तर ती ज्ञानकोशांत येण्याचा दरवाजा उघडतो. स्मरणिका काढणारी मंडळी जाहिरातींच्या पानांइतकी काळजी गांवाच्या माहितीच्या पानांची घेत नाहींत, हें दुर्दैव. छायाचित्रांस मात्र इतका विलंब लागत नाहीं. जुनें घर, विहीर, क्रूस, देऊळ यांचें स्वतः काढलेलें चित्र विकिमीडिया कॉमन्स या सामाईक भांडारांत ठेवतां येतें, आणि तें चित्र मग जगांतील कोणत्याही भाषेच्या आवृत्तीस वापरतां येतें. सार्वजनिक ठिकाणच्या इमारतींचीं चित्रें काढण्यास आपल्या देशाच्या कायद्याची आडकाठी नाहीं. गेल्या पिढीच्या इमारती पडून त्यांच्या जागीं मनोरे उठत असतांना या कामास उशीर करून चालणार नाहीं. पडलेल्या घराचें चित्र कोणी काढूं शकत नाहीं.

मनोऱ्यांवरून दुसरी अडचण आठवते. उपनगराच्या लेखांत जाहिरात शिरते. 'आलिशान', 'प्रशस्त', 'स्थानकापासून पांच मिनिटांवर' असे शब्द एखाद्या रात्रीं प्रकट होतात आणि सकाळीं कोणीतरी ते काढून टाकतो. २०१४ सालापासून मोबदला घेऊन लिहिणाऱ्यानें तसें जाहीर केलेंच पाहिजे असा दंडक आहे. परंतु दंडकापेक्षां पाळत उपयोगी पडते: प्रत्येक सदस्यास 'निरीक्षणसूची' ठेवतां येते, व त्यांतील लेखास कोणी हात लावला कीं त्यास कळतें. पांचसात जणांनीं कांदिवलीच्या आसपासचे लेख सूचींत ठेवले तर एकाचें दुर्लक्ष दुसऱ्याच्या लक्षांत येतें. 'ठाकूर व्हिलेज' या वसाहतीच्या नांवांत गांव आहे आणि प्रत्यक्षांत बहुमजली घरें आहेत, ही गंमत ज्ञानकोशांत टीकेशिवायच नोंदवावी लागते. मात्र नवें नांव लिहितांना आकुर्ली हें जुनें नांव पुसलें जाऊं नये, एवढी दक्षता घेतां येते.

मराठी लेखकांपुढें आणखी एक प्रश्न आहे. इंग्रजी लेख यंत्राकडून भाषांतरित करून ठेवणें आतां फार सोपें झालें आहे. संख्या वाढते, भाषा मरते. जाणत्या माणसाच्या हाताखालून मजकूर गेला नाहीं, तर रोमन अक्षरांवरून 'पोयसर'चें 'पोइसार' व्हावयास वेळ लागत नाहीं, आणि तें रूप मग शाळेच्या प्रकल्पवह्यांत उतरतें. स्थानिक लेखकाची खरी गरज येथें आहे. चेन्नईच्या किंवा शिकागोच्या सदस्यास व्याकरण येईल, पण 'मागाठाणें' हा उच्चार त्यास कोण सांगणार?

शिवाय लेख एकदां लिहून भागत नाहीं. ५ जानेवारी १९२८ रोजीं बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धांवूं लागल्या, ही नोंद केली कीं संपली. परंतु मेट्रोचें तसें नाहीं. २ एप्रिल २०२२ रोजीं पश्चिमेची वाट डहाणूकरवाडीपर्यंत व पूर्वेची आरेपर्यंत उघडली. १९ जानेवारी २०२३ रोजीं दोन्ही वाटा पुऱ्या झाल्या. 'बांधकाम चालू आहे' असें वाक्य त्यानंतरहि ज्या लेखांत राहतें, त्या लेखाचा वाचक स्थानकावर उभा राहून ज्ञानकोशाला हंसतो. म्हणून संयोजक 'सध्यां', 'लवकरच', 'नुकतेंच' हे शब्द शोधून काढतात आणि त्यांच्या जागीं साल घालतात.

मराठी विकिस्रोत या भावंड-प्रकल्पांत ज्यांचा ग्रंथस्वामित्वाचा काळ संपला आहे अशीं जुनीं पुस्तकें पानापानानें उतरवून घेण्याचें काम चालतें. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षें उलटलीं कीं भारतांत ग्रंथ सर्वांचा होतो. माडगांवकर तर केव्हांच सर्वांचे झाले आहेत. ज्यांस नवें लिहिण्याचा आत्मविश्वास नाहीं परंतु शुद्धलेखनाची नजर आहे, अशा निवृत्त मंडळींस येथें छापील पानाचें चित्र एका बाजूस व उतरविलेला मजकूर दुसऱ्या बाजूस ठेवून ताडून पाहतां येतें. एक पान ताडलें, कीं त्यावर खूण करावयाची. दुसऱ्यानें पुन्हा पाहिलें, कीं त्याची दुसरी खूण.