प्राणवायू आणि मिटलेले डोळे



मांजर आपली पिल्ले सात घरे फिरवते, असे आपण म्हणतो. ती पिल्ले पहिले आठ-दहा दिवस डोळे मिटून असतात, हेही घरोघरी ठाऊक आहे. पण त्या पापण्यांआड डोळा अजून घडत असतो, हे सहसा लक्षात येत नाही. मांजर, कुत्रा, उंदीर यांच्या पिल्लांच्या दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या ज्या पडद्यावर चित्र उमटते त्यावर, रक्तवाहिन्यांचे जाळे जन्मानंतरही पसरत राहते. माणसाच्या बाळात हे काम गर्भातच होते. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते सुरू होते आणि दिवस भरता भरता पुरे होते. म्हणूनच सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचा डोळा आणि पूर्ण दिवसांच्या मांजरपिल्लाचा डोळा जवळपास एकाच अवस्थेत असतात. आजच्या विषयाची किल्ली या साम्यात आहे.

1942 साली बोस्टनचे डॉ. थिओडोर टेरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या मुलांतील एका नव्या अंधत्वाचे वर्णन केले. या मुलांच्या डोळ्यांत भिंगामागे पांढरट पडदा तयार होत असे. पुढच्या दहा-बारा वर्षांत जगभरात सुमारे 10,000 मुले अशी अंध झाली असावीत, असा अंदाज आहे. कोडे असे होते की जिथे काचपेट्या आणि प्राणवायूची सोय उत्तम, तिथेच हा आजार अधिक. 1951 मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी प्राणवायूवर बोट ठेवले. वॉशिंग्टनमध्ये डॉ. अर्नाल पॅट्झ यांनी काही बाळांचा प्राणवायू कमी ठेवून पाहिला, तेव्हा काही परिचारिका रात्री गुपचूप तो वाढवीत. त्यांना दोष कसा द्यावा? ज्याच्या नावातच प्राण आहे, तो वायू डोळे नेईल हे कोणाला पटणार?

उत्तर मिळाले ते पिल्लांकडून. 1953 च्या सुमारास लंडनमध्ये डॉ. नॉर्मन ॲश्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरीची नवजात पिल्ले 70 ते 80 टक्के प्राणवायूत ठेवली. आपल्या नेहमीच्या हवेत तो 21 टक्के असतो. पिल्लांच्या दृष्टिपटलावरील कोवळ्या रक्तवाहिन्या आक्रसल्या आणि काही दिवसांत मिटून नष्ट झाल्या. मोठ्या मांजरांच्या पक्क्या वाहिन्यांना मात्र असा धक्का बसला नाही. खरा अनर्थ पुढे होता. पिल्ले साध्या हवेत परत आणल्यावर नव्या वाहिन्या फुटल्या, पण वेड्यावाकड्या. दृष्टिपटल सोडून त्या डोळ्यातल्या पारदर्शक गरात घुसल्या.

यामागचे कारण पुढच्या चार दशकांत उलगडले. दृष्टिपटलाला प्राणवायू कमी पडला की ते एक रासायनिक निरोप सोडते आणि त्या निरोपावर रक्तवाहिन्या वाढतात. त्याचे नाव व्हीईजीएफ. भोवती प्राणवायू मुबलक झाला की निरोप थांबतो आणि त्याच्याच आधाराने जगणाऱ्या कोवळ्या वाहिन्या मरतात. नंतर प्राणवायू उतरतो. मधल्या काळात दृष्टिपटल मोठे झालेले असते, त्याची भूक वाढलेली असते, पण पुरवठ्याची वाट मोडलेली असते. मग तो निरोप भरमसाट सुटतो. उंदरांच्या पिल्लांत ही बेबंद वाढ पुढे बहुधा आपोआप ओसरते. माणसाच्या बाळात तिचा व्रण दृष्टिपटलाला ओढून उखडू शकतो.

इथपर्यंत कळल्यावर जगाने दुसरे टोक गाठले. प्राणवायू सरसकट आखडला गेला. अंधत्व घटले, पण श्वासाविना बाळे दगावू लागली. 1973 मध्ये ब्रिटनचे डॉ. केनेथ क्रॉस यांनी हिशेब मांडला, की एका मुलाची दृष्टी वाचवताना सुमारे 16 मुलांचा जीव गेला असावा. 2010 मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीतही हाच पेच दिसला. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण 85 ते 89 टक्के ठेवलेल्या बाळांत डोळ्यांचा गंभीर आजार कमी होता, पण 91 ते 95 टक्के ठेवलेल्या बाळांपेक्षा मृत्यू अधिक होते. उंदरांच्या पिल्लांवरील प्रयोगांनी आणखी एक गोष्ट दाखवली. प्राणवायू सारखा वर-खाली होत राहणे हेही डोळ्यांना फार घातक असते. म्हणून आज हवेत मिसळून, मोजून, यंत्रावर नजर ठेवून तो दिला जातो.

जैन परंपरेत जीवाचे दहा प्राण मोजतात. त्यांत श्वासोच्छ्वास एक, चक्षुरिंद्रिय दुसरा. इथे एका प्राणाला जपताना दुसरा जात होता, आणि दोन्ही राखण्याचा मार्ग मुक्या पिल्लांचे प्राण घेऊन सापडला. ही हिंसाच होती. तिला पुण्याचे नाव देण्याची माझी तयारी नाही. पण त्या पिल्लांनी दिलेले ज्ञान वापरायचे राहून गेले, तर तो दुसरा अपराध होईल.

ते वापरायचे कसे, हे आपल्या हातात आहे. 34 आठवड्यांआधी किंवा 2 किलोपेक्षा कमी वजनाचे जन्मलेले बाळ असेल, तर 30 दिवसांच्या आत त्याचे दृष्टिपटल तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे. बाळ फारच लहान असेल तर त्याहून आधी. डोळा बाहेरून स्वच्छ दिसतो, बाळ रडत नाही, म्हणून थांबू नये. वेळेत सापडले तर लेसरने किंवा डोळ्यातील इंजेक्शनने दृष्टी बहुधा वाचते. पण ही मुदत आठवड्यांची असते, कधी दिवसांची. मी होमिओपॅथीचा डॉक्टर आहे. या आजारावर माझ्या पेटीत औषध नाही, हे इथे स्पष्ट सांगतो. काजळ, मध, दृष्ट काढणे यांतही ते नाही. बाळ रुग्णालयातून घरी येईल तेव्हा बारशाची तारीख ठरवण्याआधी आजी-आजोबांनी एवढेच विचारावे, "डोळे तपासले का? पुन्हा कधी बोलावले आहे?"