शिवाशिव आणि शिवणापाणी : बालवयातील खेळ व सांस्कृतिक विविधता

मराठीत ‘शिवणे’ या क्रियापदाचा एक अर्थ स्पर्श करणे असा आहे. त्यातून घडलेल्या ‘शिवाशिव’ या शब्दाने शतकानुशतके माणसाला माणसापासून दूर ठेवले. ‘शिवणापाणी’ हा मात्र मुलांचा पकडापकडीचा खेळ. पहिल्यात स्पर्श झाला की विटाळ मानला जाई. दुसऱ्यात स्पर्शावाचून खेळ पुढे सरकतच नाही. ज्याला शिवले त्याच्यावर ‘राज्य’ येते. खेळातले हे राज्य म्हणजे खरे तर ओझेच. परंतु ते जन्मभर एकाच्याच माथी राहत नाही. समाजाने मोठ्यांना जे शिकवले त्याच्या नेमके उलट मूल खेळातून शिकू शकते. म्हणूनच तीन ते सहा वर्षांच्या वयात मूल काय खेळते, कोणाबरोबर खेळते आणि कोणत्या भाषेत खेळते, हा केवळ करमणुकीचा प्रश्न नाही.

या प्रश्नाचे एक मोलाचे उत्तर आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात शोधले गेले. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाच्या कार्यास आरंभ केला. पुढे १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीच्या परिसरात गेले. हा भाग आज, २०१४ च्या विभाजनानंतर, पालघर जिल्ह्यात मोडतो.

वंचित वस्त्यांतील मुले बालवाडीकडे येईनात, तेव्हा या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ ही कल्पना अशी जन्मास आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे हे नाव देशभर पोहोचले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालविल्या. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शंखशिंपले, खडे, बिया, पाने, माती ही परिसरातली साधने आली. मोजणी तीच, वर्गीकरण तेच. पण हातातली वस्तू मुलाच्या ओळखीची. जी वस्तू घरी कवडीमोलाची, ती शाळेत शिकण्याचे साधन झाली, की मुलाला आपल्या घराचीही किंमत कळते.

आज ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरातील एकाच बालवर्गात आगरी, कोळी, वारली, कातकरी घरांतील मुले असतात. उल्हासनगरची सिंधी, भिवंडीची उर्दूभाषक आणि गुजराती, तमिळ, तेलुगू, भोजपुरी बोलणाऱ्या घरांतीलही असतात. ही विविधता आपण बहुधा वेशभूषा स्पर्धेपुरती आठवतो. कमरेला पाने गुंडाळून, हाती धनुष्य घेऊन एखादे मूल ‘आदिवासी’ होते आणि टाळ्या मिळवते. समोर बसलेल्या वारली मुलाला मात्र आपण कोण आहोत हे त्या मंचावर सापडत नाही. त्याच मुलाची बोली दुसऱ्या दिवशी वर्गात ‘अशुद्ध’ ठरविली जाते. मग ते बोलायचेच थांबते आणि आपण त्याला ‘मंद’ म्हणून मोकळे होतो. बालवयात गमावलेला हा आवाज पुढे पदवीनेही सहज परत येत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. विविधता जपणे म्हणजे परंपरेतील सर्व काही जपणे नव्हे. चुलीवर कोण बसणार, झाडू कोणाच्या हाती आणि हुकूम कोण देणार, याची जुनी वाटणी मूल भातुकलीतही आणते. बोली, पदार्थ, गाणी, कला ही विविधता होय. उच्चनीचता ही विविधता नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते. तेथे जॉन ड्यूई हे त्यांचे गुरू. ‘जातिप्रथेचे उच्चाटन’ या १९३६ च्या पुस्तकात बाबासाहेबांनी मांडलेला आदर्श समाज असा आहे, की ज्यात एका गटातले अनुभव दुसऱ्या गटापर्यंत मुक्तपणे झिरपतात. बंधुतेचा हा अर्थ चार वर्षांच्या मुलाला व्याख्यानाने समजणार नाही, भातुकलीत समजेल. एकाच चुलीवर सुकट, दाल-पकवान आणि इडली ‘शिजू’ द्यावी; भूमिका रोज बदलाव्यात; मुलाने भाकरी थापावी, मुलीने घर बांधावे.

लगोरीचेच पाहा. हिंदीत ती पिट्ठू, गुजरातीत सतोळियुं, तेलुगूत एडु पेंकुलाट. दगडांची उतरंड तीच, चेंडूही तोच. शिक्षिकेने आठवड्याला एका घरातले नाव आणि त्या घरची मोजणी सर्वांना शिकवली, तर ज्याची भाषा आजवर कोपऱ्यात होती, ते मूल त्या दिवशी सर्वांचे शिक्षक होते. नव्याने आलेल्या, भाषा न कळणाऱ्या मुलासाठी आपल्या खेळांत ‘कच्चा लिंबू’ ही सुंदर सवलत आहेच. त्याला खेळात घ्यायचे, पण बाद करायचे नाही. मात्र ही सवलत शिकेपर्यंतची. कोणालाही कायमचे कच्चे लिंबू ठेवू नये.

राज्यघटनेचा अनुच्छेद ४५ आज सहा वर्षांपर्यंतच्या बालकांचे संगोपन व शिक्षण ही राज्याची जबाबदारी मानतो. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने त्याला हे स्वरूप दिले. शासनाची जबाबदारी शासनाने पार पाडावीच. पण पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. आपल्या वस्तीच्या अंगणवाडीत महिन्यातून एक तास द्यावा. आजीला सोबत न्यावे. तिच्या बोलीतली गोष्ट आणि तिचे सागरगोटे मुलांपुढे मांडावेत. बालवर्गात प्रवेश घेताना शुल्काबरोबर हेही विचारावे, की येथे माझे मूल घरच्या भाषेत बोलले तर काय होते? आणि सुट्टीच्या दिवशी आपल्या अंगणात शिवणापाणी रंगले, की शेजारच्या प्रत्येक घरातले मूल त्यात आहे ना, एवढे अवश्य पाहावे.